नाव वसईचे, हिशेब कुणाचा?

वसईच्या पश्चिम पट्टीतील सांडोरसारख्या गावात वाडी कसणारा शेतकरी उन्हाळा चढू लागला की एक गोष्ट न चुकता करीत आला आहे. बावखलाच्या काठावर उभा राहून तो पाणी किती खाली गेले ते निरखतो. केळीला पाणी हवे, पानवेलीला हवे, भाजीला हवे. रहाट असो वा पंप, उपसा केल्यावाचून वाडी जगत नाही. पण उपशाला सीमा असते, हेही तो जाणून असतो. या पट्टीत गोडे पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्याचा थर पातळ झाला की खारे वर चढते, आणि एकदा विहीर खारली की ती सहजासहजी पुन्हा गोडी होत नाही. हे ज्ञान त्याला कोणत्या विद्यापीठाने दिलेले नाही. भूमीच्या पोटातून जे काढावयाचे त्याची पातळी मोजीत राहावयाची, हा या मातीचा जुना व्यवहारधर्म आहे.

याच वसईचे नाव धारण करणारे एक प्रचंड भांडार अरबी समुद्राच्या तळाखाली, क्षितिजापलीकडे, आहे. गेली कित्येक दशके त्यातून उपसा चालू आहे. त्याची पातळी किती उतरली, तळ कसा आहे, त्या उपशातून कुणाला काय लाभले आणि कुणी काय सोसले, याचा हिशेब मात्र वसईच्या दारात कधी आला नाही. तो हिशेब मागण्याची वेळ आता आली आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम इतिहास पाहू. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला, तेव्हा या देशात आसामबाहेर तेल मिळेल असे पाश्चात्त्य तज्ज्ञांपैकी फार थोड्यांना वाटत होते. केशवदेव मालवीय यांनी रशियन तज्ज्ञांच्या साह्याने शोध चालू ठेवला. १९५८ मध्ये खंबायतजवळ आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. पाठोपाठ १९६४-६५ मध्ये 'अकॅडमिक आर्खांगेल्स्की' या रशियन जहाजाने खंबायतच्या आखातापासून मुंबईसमोरच्या समुद्रापर्यंत भूकंपलहरींच्या पद्धतीने तळाची पाहणी केली आणि समुद्राखाली एक विस्तीर्ण उंचवटा असल्याचे दिसून आले. त्यानंतर जपानमध्ये बांधलेला 'सागर सम्राट' हा वेधनमंच आला. ३१ जानेवारी १९७४ रोजी पहिल्या विहिरीचे काम सुरू झाले आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी तेल लागले. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली होती आणि जगभर किमती चौपट झाल्या होत्या. परकीय चलनाच्या चिंतेने ग्रासलेल्या देशाला मुंबईच्या समुद्राने दिलेला तो दिलासा होता. २१ मे १९७६ रोजी 'मुंबई हाय'चे उत्पादन सुरू झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथून दररोज चार लाख बॅरलांहून अधिक तेल निघत होते. हे भारतीय अभियंत्यांचे, भूशास्त्रज्ञांचे आणि खवळलेल्या समुद्रावर काम करणाऱ्या हजारो कामगारांचे कर्तृत्व आहे, आणि त्याला आमचा मानाचा मुजरा आहे.

१९७६ मध्येच दुसरा शोध लागला. मुंबई हायच्या पूर्वेस, वसईच्या बाजूला, नैसर्गिक वायूचे मोठे क्षेत्र सापडले. त्याला नाव मिळाले 'बसीन'. इंग्रजांच्या जिभेवर पोर्तुगीजांचे 'बसाईं' बसले नाही, त्याचे त्यांनी 'बसीन' केले. तेच नाव आमच्या सार्वभौम प्रजासत्ताकाच्या तेलखात्याने पुन्हा उचलले. इतकेच नव्हे, ज्या चुनखडकात हा वायू साठला आहे त्या सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या खडकालाही भूशास्त्रज्ञ 'बसीन प्रस्तर' म्हणतात. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेली वसई इतिहासाला ठाऊक होती. ३१ डिसेंबर १८०२ च्या तहाची वसई विद्यार्थ्यांना पाठ होती. आता भूगर्भाच्या जागतिक नकाशावरही वसई कोरली गेली आहे.

नावाचा मान वसईला मिळाला. वायू मात्र वसईला उतरला नाही. या वायूत गंधकयुक्त विषारी अंश असल्याने तो आधी शुद्ध करावा लागतो. त्यासाठी समुद्रतळावरून सव्वादोनशे किलोमीटरांहून लांब वाहिनी टाकण्यात आली आणि वायू सुरतेजवळच्या हजिरा येथे नेण्यात आला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या गॅस प्राधिकरणाने हजिऱ्यापासून मध्य प्रदेशातील विजयपूर आणि पुढे उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत सुमारे सतराशे किलोमीटरांची वाहिनी बांधली. तिच्या काठाने खतांचे कारखाने उभे राहिले, वीजकेंद्रे उभी राहिली. मुंबई हायचा वायू उरणला येतो आणि थळच्या व तुर्भ्याच्या खतकारखान्यांना तो लाभला, हेही येथे नमूद केले पाहिजे. महाराष्ट्राच्या पदरात काहीच पडले नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या किनाऱ्याचे नाव या संपत्तीला आहे, त्या किनाऱ्याच्या बाबतीत मात्र काखेत कळसा आणि गावाला वळसा हीच अवस्था आहे.

आमचे म्हणणे प्रांतीय असूयेचे आहे असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. वसईच्या समुद्रातील वायूपासून झालेल्या युरियाने उत्तर प्रदेशातील गव्हाची शेते हिरवी झाली असतील, तर त्याचा आम्हांस आनंदच आहे. जो देश आपल्या गरजेच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशातून आणतो, त्याने घरच्या समुद्रातील थेंबन् थेंब काढावा, यावर वाद होण्याचे कारण नाही. समुद्र सर्व देशाचा आहे. प्रश्न एवढाच आहे की, समुद्र सर्वांचा म्हणून लाभ सर्वांचा, हे तत्त्व जर खरे, तर समुद्राचा धोका तेवढा काठावरच्यांचा, हे तत्त्व कोठून आले?

या विषमतेचे मूळ कायद्यात आहे. घटनेच्या २९७ व्या कलमाने समुद्राखालची खनिजे केंद्राच्या स्वाधीन केली आहेत. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने त्यात भूखंड-मंचाचा समावेश झाला. १९७६ च्या मे महिन्यात, म्हणजे ज्या महिन्यात मुंबई हायचे तेल वाहू लागले त्याच महिन्यात, चाळिसावी घटनादुरुस्ती होऊन अनन्य आर्थिक क्षेत्रातील सर्व साधनसंपत्तीही केंद्राकडे गेली. परिणाम असा की, आसाम आणि गुजरात यांच्या जमिनीतून तेल निघते तेव्हा त्या राज्यांना स्वामित्वधन मिळते, आणि महाराष्ट्राच्या समुद्रातून निघते तेव्हा ते सर्वस्वी दिल्लीच्या तिजोरीत जाते. खनिज तेलावर १९७४ च्या कायद्याने बसविलेला उपकरही केंद्राचाच. कलम २९७ मागे राष्ट्रीय विचार आहे आणि त्याचा आम्ही आदर करतो. परंतु मालकी राष्ट्राची असली म्हणजे काठावरच्या माणसाप्रती राष्ट्राचे कर्तव्य संपते, असे त्या कलमात कोठेही लिहिलेले नाही.

आता समुद्राच्या तळाकडे वळू; कारण या विषयाचा जो भाग सामान्यतः तज्ज्ञांच्या कपाटात बंद राहतो, तोच किनाऱ्यावरच्या माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. आपला पश्चिम किनारा म्हणजे एका प्राचीन विच्छेदाची कड आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड प्रथम मादागास्करपासून आणि नंतर सेशेल्सपासून फाटून अलग झाला. त्याच काळाच्या सुमारास, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा उसळून पसरला. सह्याद्रीचा काळा कातळ त्याचीच साक्ष आहे. भूकवच ताणले गेले, भेगा पडल्या, काही तुकडे खचले आणि काही उंच राहिले. खचलेल्या भागांत समुद्र शिरला. नद्यांनी वनस्पतींच्या अवशेषांनी भरलेला गाळ तेथे आणून टाकला. तो गाळ खोल गाडला जाऊन भूगर्भाच्या उष्णतेने शिजला आणि त्याचे तेल व वायू झाले. ते हलके द्रव्य खडकांच्या भेगांतून वर सरकत सरकत उंच राहिलेल्या तुकड्यांवरील सच्छिद्र चुनखडकात येऊन साठले, आणि वर चिखलाच्या घट्ट खडकाचे झाकण बसले. मुंबई हाय आणि वसई क्षेत्र ही अशी झाकण बसलेली भांडी आहेत. ज्या भेगांनी आणि खचण्यांनी ही संपत्ती घडविली, त्या या भूमीच्या अस्थिरतेच्याच खुणा आहेत. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथील उष्ण पाण्याची कुंडे आजही खालच्या उष्णतेची आणि भेगांची आठवण देतात.

भूमीच्या हालचालीशी ठाणे आणि पालघर भागाचा परिचय नवा नाही. १६१८ च्या मे महिन्यात मुंबई-वसई परिसरात झालेल्या भीषण उत्पाताची नोंद भूकंपांच्या जुन्या याद्यांत आढळते. पुढील अभ्यासकांनी तो मुख्यतः झंझावात होता असे मानले आहे. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने जो धडा दिला, त्याविषयी मतभेदास जागा नाही. दख्खनचा कातळ म्हणजे अचल भूमी, हा पाठ्यपुस्तकी समज त्या एका पहाटेने पुसून टाकला, आणि माणसाने साठविलेल्या पाण्याच्या भाराने भूगर्भ जागा होऊ शकतो ही गोष्ट जगापुढे आली. २०१८ च्या नोव्हेंबरपासून आपल्याच जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली. लहानमोठे हजारो धक्के यंत्रांनी टिपले. धुंदलवाडी परिसरातील आदिवासी कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर उघड्यावर काढल्या. शास्त्रज्ञांनी या धक्क्यांचा संबंध जमिनीत झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याशी जोडून पाहिला आहे.

डहाणूचे धक्के तेलाच्या उपशामुळे होतात, असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि धक्क्यांची केंद्रे जमिनीवर, तेलक्षेत्रांपासून दूर आहेत. भीतीचा व्यापार करणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. पण पुरावा नसणे आणि मोजमाप नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भांड्यातील द्रव्य काढून घेतले की आतला दाब उतरतो, वरच्या खडकाचे ओझे सच्छिद्र खडकावर येते आणि तो दबतो, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. दाब टिकविण्यासाठी पाणी आत सोडले तर त्याचेही भेगांवर परिणाम होऊ शकतात. किती दबतो, कोठे दबतो, त्याने काही बिघडते की नाही, हे प्रत्येक क्षेत्रात वेगळे असते, आणि ते मोजल्यावाचून कळत नाही.

ज्यांनी मोजले नाही, त्यांना काय भोगावे लागले हे जगाने पाहिले आहे. उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या 'एकोफिस्क' या खडूच्या खडकातील तेलक्षेत्रात समुद्राचा तळ काही मीटर खचल्याचे लक्षात आले आणि १९८७ मध्ये समुद्रातील पोलादी मंच अक्षरशः उचलून सहा मीटर उंच करावे लागले. हॉलंडमधील ग्रोनिंगेनचे उदाहरण त्याहून बोलके आहे. तेथे १९५९ मध्ये युरोपातील सर्वांत मोठे वायुक्षेत्र सापडले. अर्धे शतक त्या वायूने हॉलंडची तिजोरी भरली आणि घरे उबदार ठेवली. हळूहळू त्या निरुपद्रवी सपाट प्रदेशात जमीन हादरू लागली. प्रारंभी अधिकारी आणि कंपन्या म्हणत राहिल्या की संबंध सिद्ध झालेला नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये हाऊझिंगे गावाजवळ ३.६ प्रतीचा धक्का बसला आणि वाद संपला. हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले. अखेर १ ऑक्टोबर २०२३ रोजी त्या क्षेत्राचा नेहमीचा उपसा बंद करण्यात आला, आणि त्याच वर्षी डच संसदेच्या चौकशी समितीने स्पष्ट शब्दांत नमूद केले की, वायूच्या उत्पन्नापुढे ग्रोनिंगेनच्या रहिवाशांच्या हिताची सतत उपेक्षा झाली. ग्रोनिंगेन जमिनीखाली होते. आमचे क्षेत्र समुद्राखाली आहे. खडक निराळा, खोली निराळी. म्हणून निष्कर्ष उचलून आणता येणार नाही. पण धडा मात्र तोच आहे: संबंध नाही हे सांगावयाचे तर ते यंत्रांच्या नोंदी लोकांपुढे ठेवून सांगावे, केवळ अधिकारवाणीने सांगू नये.

भूगर्भाचा धोका अनुमानाचा आहे असे घटकाभर मानू. समुद्रपृष्ठावरचा धोका तर अनुमानाचा नाही! १९९३ च्या मे महिन्यात मुंबई हायकडून उरणकडे येणारी वाहिनी फुटली आणि हजारो टन तेल समुद्रात पसरले. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई आदल्या दिवशीच्या प्रलयातून सावरत असताना, एक साहाय्यक जहाज मुंबई हायच्या उत्तर मंचावर आदळले. ज्या जहाजाच्या धडकेने वायुवाहिनी फुटली त्याचे नाव होते 'समुद्र सुरक्षा'! आगीत दोन तासांच्या आत तो अजस्र मंच नाहीसा झाला. ३८४ माणसांपैकी ३६२ जणांना वाचविण्यात आले. बावीस जण परतले नाहीत. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात तेलक्षेत्रातील कामगारांची 'पी-३०५' ही तराफानौका नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. ती नौका आणि एक टगबोट मिळून ऐंशीहून अधिक माणसे समुद्राने गिळली. वादळाची सूचना आधी मिळालेली होती. या मृतांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोटासाठी आलेले कंत्राटी कामगार होते. त्यांच्यासाठीही समुद्र सर्व देशाचा होता. लाभ मात्र त्यांच्या वाट्याला रोजंदारीएवढाच आला होता.

आणि मच्छीमार? पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळी बांधव पिढ्यानुपिढ्या समुद्रात खुंट रोवून डोलीचे जाळे लावीत आले. कोणाची कव कोठे, हा त्यांचा समुद्रावरचा सातबारा. तो कोणत्या चावडीत नोंदलेला नसला, तरी परंपरेने बांधलेला आहे. तेलाच्या प्रत्येक मंचाभोवती पाचशे मीटरांचे निषिद्ध वर्तुळ असते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण मंच एक नसतो, आणि त्यांना जोडणाऱ्या वाहिन्यांचे जाळे तळावर पसरलेले असते. शिवाय नव्या शोधासाठी भूकंपलहरींची पाहणी निघाली, की लांबच लांब तारा ओढीत जहाजे फिरू लागतात आणि होड्यांना दूर राहण्याचे आदेश निघतात. समुद्र शांत असतो तेव्हाच पाहणी होऊ शकते, आणि मासेमारीचा हंगामही तोच असतो. हंगाम बुडाला तर भरपाई कोणी, किती, कोणत्या नियमाने द्यावयाची, यासाठी मच्छीमार संस्थांनी दर वेळी नव्याने अर्ज, निवेदने आणि मोर्चे काढावे लागले आहेत. शेतकऱ्याची गुंठाभर जमीन रस्त्यासाठी घेतली तरी कायदा मोबदला ठरवितो. कोळ्याचा समुद्र घेतला तर तो दयेचा विषय होतो!

यावर उपाय नाही काय? उपाय आहे, आणि तो संसदेने स्वतःच शोधून ठेवला आहे. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन खाणींनी बाधित झालेल्या प्रत्येक जिल्ह्यासाठी खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. जुन्या पट्ट्यांच्या धारकाने स्वामित्वधनाच्या तीस टक्के आणि लिलावाने पट्टा घेणाऱ्याने दहा टक्के इतकी जादा रक्कम त्यात भरावयाची, आणि ती त्या जिल्ह्यातील बाधितांच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर खर्च व्हावयाची. चंद्रपूरच्या कोळशाला हे लागू आहे, गडचिरोलीच्या लोखंडाला लागू आहे. तेलाला आणि वायूला मात्र नाही. कारण त्या कायद्याच्या व्याख्येतून खनिज तेल वगळलेले आहे. पुढे २०२३ मध्ये समुद्रातील खनिजांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि सागरी खनिज न्यासाची तरतूद आली. समुद्रातील उत्खननाने ज्यांचे नुकसान होईल त्यांच्या हितासाठी आणि सागरी पर्यावरणाची हानी कमी करण्यासाठी हा न्यास असेल, असे संसदेने मान्य केले. उत्तम! पण त्या कायद्यातूनही खनिज तेल आणि वायू बाहेरच ठेवले आहेत. म्हणजे समुद्रतळातून जी वाळू किंवा जे धातू उद्या निघतील त्यांच्या बाधितांसाठी न्यास आहे. आणि जे तेल पन्नास वर्षे निघत आले त्याच्या बाधितांसाठी काहीही नाही. न्यायाचे तत्त्व मान्य करावयाचे आणि ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज त्याला दाराबाहेर उभे करावयाचे, ही कोणती रीत?

अन्य देशांनी ही दृष्टी वेळीच दाखविली. ज्या १९७६ साली आमच्या समुद्रातून तेल वाहू लागले, त्याच साली अलास्काच्या जनतेने आपली घटना दुरुस्त करून तेलाच्या उत्पन्नाचा एक भाग कायम निधीत टाकण्याचा निर्णय घेतला, आणि १९८२ पासून त्या निधीतून नागरिकांना वार्षिक लाभांश मिळू लागला. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून पुढच्या पिढ्यांसाठी निधी उभारला. या देशांची लोकसंख्या अल्प आणि तेल उदंड. त्यांची नक्कल आम्हांला परवडणारी नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तेल संपते आणि माणसे उरतात, हा त्यांनी ओळखलेला साधा विचार परवडण्या-न परवडण्याचा नाही.

वसईला तर तो विचार अनुभवाने शिकविला आहे. मुंबईच्या वाढत्या उपनगरांची आणि बांधकामांची तहान भागविण्यासाठी एकेकाळी या पट्टीतील विहिरींवर टँकरांच्या रांगा लागत. पाणी विकणाऱ्याला पैसा मिळत होता, विकत घेणाऱ्याला सोय होत होती; शेजारच्या वाडीची विहीर मात्र खारत होती. तिचा हिशेब कुणीच ठेवीत नव्हता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसे उभी राहिली, 'हरित वसई'चे आंदोलन झाले, गावोगावचे स्त्री-पुरुष रस्त्यावर आले, तेव्हा कोठे सत्ताधाऱ्यांना कळले की जमिनीखालच्या संपत्तीला वरच्या माणसांचाही एक हक्क असतो. जो न्याय विहिरीला, तोच न्याय समुद्राला.

हे सारे आजच म्हणण्याचे कारण काय? कारण उपशाचा नवा अध्याय सुरू झाला आहे. मुंबई हाय म्हातारे झाले. ऐन भरातील उत्पादन आता राहिलेले नाही. २०२५ च्या जानेवारीत 'बीपी' या ब्रिटिश कंपनीची तेथील उत्पादन वाढविण्यासाठी तांत्रिक साह्यकर्ती म्हणून निवड जाहीर झाली. जुन्या भांड्याच्या तळाशी उरलेले काढावयाचे म्हणजे नव्या विहिरी, नवी पाहणी, दाबाशी नवे खेळ. दुसरीकडे, आपल्याच जिल्ह्यात वाढवण येथे ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या बंदराची पायाभरणी झाली. म्हणजे समुद्राचा आणखी एक तुकडा कोळ्याच्या हातून जाणार. त्यातच, ज्या मंचांचे आयुष्य संपले ते काढून टाकण्याचा आणि जुन्या विहिरी कायमच्या बुजविण्याचा प्रश्न आहे. ताप्ती क्षेत्रातील जुने मंच काढण्याचे काम देशात या प्रकारचे पहिले मोठे काम ठरले. उद्या मुंबई हाय आणि वसई क्षेत्राची पाळी येईल. तेव्हा गंजके पोलाद आणि अर्धवट बुजविलेल्या विहिरी समुद्रात सोडून सगळे आपापल्या गावी जाणार नाहीत, याची हमी आजच घेतली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, समुद्रातील तेल आणि वायूच्या स्वामित्वधनाचा एक निश्चित भाग किनारी जिल्ह्यांच्या न्यासात कायद्याने जमा व्हावा, आणि त्याच्या कारभारात मच्छीमार संस्थांना व ग्रामसभांना स्थान असावे. यासाठी कलम २९७ ला हात लावण्याची गरज नाही. खनिज प्रतिष्ठानाची व्याख्या रुंद करणे पुरेसे आहे. दुसरी, पालघरपासून रायगडपर्यंतच्या किनाऱ्यावर आणि तेलक्षेत्रांत समुद्रतळावर भूकंपमापक असावेत, तळ किती खचतो याचे नियमित मोजमाप व्हावे आणि त्याच्या नोंदी दरवर्षी मराठीतून प्रसिद्ध व्हाव्यात. तिसरी, पाहणीचे वेळापत्रक हंगामापूर्वी मच्छीमारांशी बोलून ठरावे आणि भरपाईचा नियम आधी लिहिलेला असावा. चौथी, मंच आणि विहिरी बंद करण्यासाठी राखून ठेवलेल्या पैशाचा हिशेब लोकांपुढे मांडला जावा.

यातील एकही मागणी देशाच्या हिताविरुद्ध नाही. उलट, ज्या किनाऱ्याला आपला वाटा आणि आपला धोका दोन्ही ठाऊक आहेत, तो किनारा नव्या विहिरीचे स्वागत करील. ज्याला दोन्हींबाबत अंधारात ठेवले आहे, तो प्रत्येक जहाजाकडे संशयाने पाहील. आमचे खासदार दिल्लीत आहेत, आमदार मुंबईत आहेत. निवडणुकीच्या सभांत वसईचा किल्ला आणि चिमाजी अप्पा यांचे स्मरण करणाऱ्यांची वाण नाही. वसईच्या नावाने जो वायू निघतो, त्याविषयी त्यांनी संसदेत आणि विधिमंडळात किती प्रश्न विचारले, याचाही हिशेब त्यांनी मतदारांना द्यावा.

१८०२ मध्ये वसईत तह झाला, तेव्हाही नाव वसईचे होते. सही झाली ती एका पेशव्याची आणि सत्ता गेली ती सर्व महाराष्ट्राची. वसईला त्या वेळी कुणी काही विचारले नव्हते. तेव्हा राज्य कंपनीचे येऊ घातले होते. आज ते आपले आहे. सांडोरचा वाडीवाला आपल्या बावखलाची पातळी मोजल्यावाचून पाणी उपसत नाही. त्याच्या नावाने समुद्राखालचे भांडार उपसणाऱ्या सरकारने तेवढाच व्यवहारधर्म पाळावा, याहून अधिक आम्ही काही मागत नाही. आणि याहून कमी काही स्वीकारणारही नाही.